धुराचं माप

माझे मार्गदर्शक केटाच्या मार्गाला कधी आले नव्हते.
नकाशावर बोट ठेवून म्हणाले,
एका अंगाला समुद्र, एका अंगाला खाजण,
मधल्या वाळूवर बायका मासे धुरवतात. जा, सेलोर्म.

पहिल्या दिवशी मी म्हटलं, नमुने घ्यायला आलेय.
मावुएना मासे पलटत होती.
मान वर न करता म्हणाली,
घे की. सगळ्या नमुनेच बसलोय इथे.
हसली, आणि हसण्यातून खोकला निघाला,
बराच वेळ निघत राहिला.
मी वहीत वेळ लिहिली.

तिच्या गळ्यात छोटा पंप अडकवला,
आत नाण्याएवढी पांढरी चकती.
संध्याकाळी ती तव्याच्या बुडासारखी.
हिचं काय करणार?
वजन.
धुराचं?
हो.
आणि विकणार कुठल्या बाजारात?

प्रयोगशाळेतला माझा तराजू काचेच्या पेटीत राहतो,
शेजारून कुणी चाललं तरी थरथरतो.
तिचा तराजू तिचा तळहात,
मूठभर मासळीत दोन मासे कमी असले तरी ओळखतो.

याआधी दोघं येऊन गेले, ती म्हणाली.
एकानं थुंकी नेली, एकानं लघवी.
काय निघालं आमच्यात?
उसनं नेलेलं घमेलं मागावं
तसं विचारलं तिनं, न रागावता.
माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती माणसं माझ्याच इमारतीतली होती.

दुसऱ्या वर्षी आम्ही भट्टी नेली.
धुराडं होतं, लोखंडी दार होतं,
अहवालात लिहिलं: चाळीस कुटुंबांना वाटप पूर्ण.
फोटोत सगळ्या ओळीनं उभ्या, नव्या कापडांत.

तिसऱ्या वर्षी गेले
तर मावुएनाच्या भट्टीत कोंबडी अंड्यांवर बसलेली.
शेजारणीच्या भट्टीत कोळसा. पुढच्या घरी
शाळेची दप्तरं, उंदरांपासून जपून.
तुमच्या भट्टीत मासा घाईनं वाळतो, ती म्हणाली,
साल तडकते. लोमेच्या व्यापारणी हात लावत नाहीत.
मग तेव्हाच का नाही सांगितलंत?
तू वजन करत होतीस.

त्या रात्री मी पंप गाडीतच ठेवला.
तिच्या ओट्यावर बसले, काट्यांसकट मासा खाल्ला,
आणि विचारलं, तुम्ही कशी बांधाल?
गावानं इतकी वर्षं हातचा राखला होता.
सकाळी तिनं तो सोडला:
विस्तवाची जागा वीतभर खाली,
दार वाऱ्याच्या पाठीला,
धुराडं आखूड, त्याच्या तोंडावर
फुटक्या घमेल्याचा काठ,
म्हणजे धूर आधी माशाला भेटेल
मग आकाशाला, आणि मधे आपल्याला भेटणार नाही.
हे वाक्य मी जसंच्या तसं उतरून घेतलं.
मार्गदर्शकांनी खोडलं. शैलीत बसत नाही म्हणाले.

चकत्या राखाडी येऊ लागल्या.
राखाडी म्हणजे किती, ते आकड्यांत आहे,
चौथ्या प्रकरणात, तक्ता सहा.
तक्त्यात नाही ते हे की मावुएनाची सून काफुई
आता बाळ पाठीला बांधूनच भट्टीशी उभी राहते,
आणि ते झोपतं.

निबंधात तिची वीत, तिचा वारा, तिचं घमेलं
मिळून तीन शब्द झाले: स्थानिकांच्या सहभागातून सुधारणा.
नाव शेवटच्या पानावर, आभारात.
आभार या शब्दात भार आहे
हे मला त्या पानाशी पहिल्यांदा जाणवलं.
काचेच्या पेटीतला तराजू
तो मोजत नाही.

तोंडी परीक्षेत विचारलं, या संशोधनाच्या मर्यादा?
म्हटलं, डिसेंबरात वाळवंटाकडून वारा येतो,
दार चुकीच्या बाजूला पडतं.
मी अजून त्या महिन्यात गेलेली नाही.

परवा काफुईचा निरोप आला:
आई म्हणते, वारा फिरलाय. ये.
कोंबडी अजून जुन्या भट्टीतच बसते, तिला उठवू नकोस.
आणि मागच्या वेळची एक चकती घेऊन ये, राखाडीतली.
का हवी, ते सांगितलं नाही.
मी विचारलंही नाही.
पाकिटात घालून ठेवली आहे.